बेवारस आज्ञावलीचा फेरफार

महसूल खात्यात हयात घालविलेल्या मनुष्याची एक समजूत कालांतराने इतकी दृढ होते की, निवृत्तिवेतनाच्या कागदांबरोबर तीही त्याच्या घरी कायमची राहावयास येते; आणि ती समजूत अशी की, या भूतलावर बेवारस म्हणून काही असूच शकत नाही. खातेदार हयात असेल तर जमीन खातेदाराची, तो मयत झाला तर वारसांची, वारसांत तंटा लागला तर निकाल होईपर्यंत वकिलांची, आणि कोणीच पुढे आले नाही तर सरकारची, इतकी ही व्यवस्था निश्छिद्र आहे. आमच्या बाभुळगाव तालुक्यात, जिथे तरोटासुद्धा मनापासून उगवत नाही अशा खडकाळ तुकड्यालाही कुठल्या तरी नमुन्यात, कुठल्या तरी रकान्यात, कोणाचे तरी नाव लागलेले असते, आणि ते नाव खोडून दुसरे लावण्यासाठी माणसे तीन तीन पिढ्या कचेरीची पायरी झिजवितात.

अशा संस्कारात मुरलेल्या माझ्यासारख्या सेवानिवृत्त अव्वल कारकुनाला उतारवयात एक अशी मालमत्ता पाहावयास मिळाली, की जिच्यावर निम्मे जग आपला संसार थाटून बसले आहे, परंतु जिचा खातेदार कोठे आहे, आहे की नाही, हे कोणासही ठाऊक नाही. या मालमत्तेस ओपन सोर्स म्हणतात. कोणी एक इसम फावल्या वेळात एक आज्ञावली लिहितो, ती वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा अखिल मानवजातीस विनामूल्य देतो, आणि सोबतच्या परवान्यात, बहुधा रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांत, असे नमूद करतो की सदरहू वस्तू जशी आहे तशी देण्यात येत असून तिच्यापासून उद्भवणाऱ्या कोणत्याही नुकसानीस लिहून देणार जबाबदार नाही. बक्षीसपत्रांचे असंख्य मसुदे माझ्या नजरेखालून गेले आहेत, परंतु देणाऱ्याने देता देताच हात इतके स्वच्छ झटकल्याचे मी अन्यत्र पाहिले नाही. पुढे त्या इसमाचे लग्न होते, नोकरी बदलते, किंवा त्यास नुसताच कंटाळा येतो. आज्ञावली मात्र जिथल्या तिथे पडून राहते, आणि तिच्या छपराखाली लोक राहतच असतात.

या विषयात माझा प्रवेश झाला तो एका वाचनालयाच्या ग्रंथयादीमुळे. त्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर, वय झाले या एकमेव पात्रतेवर, माझी नेमणूक झालेली आहे. पूर्वीच्या कोणा उत्साही कार्यवाहांनी ग्रंथांची यादी संगणकावर चढवून ठेवली होती आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ती कृतिदेव नावाच्या फाँटात होती. हे जुने फाँट मोठे मायावी. संगणकाच्या पोटी रोमन अक्षरेच साठविलेली असतात. त्यांस केवळ पडद्यापुरते देवनागरीचे रूप दिलेले असते. यंत्र बदलले, फाँट राहून गेला, की सोंग उतरते, आणि ‘बाभुळगाव’ या नावाच्या जागी सी, के, एच, के, क्यू, जी, एक्स, के, ओ अशी नऊ परदेशी अक्षरे रांगेने उभी राहतात. आमच्या यादीतील यच्चयावत ग्रंथकारांची हीच अवस्था झाली होती. ज्ञानेश्वरी कोणती आणि कापसावरील कीडनियंत्रणाची पुस्तिका कोणती, हे पृष्ठसंख्येवरून ताडावे लागे.

माझा पुतण्या बापू हा पुण्याच्या एका कंपनीचे काम गावी बसून करतो, म्हणजे यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरील या गावाची वीज जितका वेळ त्यास करू देईल तितका वेळ करतो. त्याच्या कानावर हे गाऱ्हाणे घातले तेव्हा त्याने पाच मिनिटांत जुन्या फाँटातील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक फुकट आज्ञावली हुडकून काढली, आणि सहाव्या मिनिटाला कपाळावर हात मारला.

“काकाजी, भेटली तर खरी, पण पायथन दोनमधली हाय.”

“मग? चालत नाही?”

“चालन कशी? पायथन दोनच मेलं ना बाप्पा!”

भाषा मरते हे मी वाचलेले होते, परंतु तिच्या मृत्यूची तारीख आगाऊ जाहीर होते आणि पुढे त्या तारखेस रीतसर मुदतवाढ मिळते, हे मला नवीन होते. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी 1989 सालच्या नाताळच्या सुटीत विरंगुळा म्हणून पायथन ही आज्ञावल्या लिहिण्याची भाषा रचावयास घेतली, आणि तिला नाव दिले ते अजगरावरून नसून माँटी पायथन या इंग्रज विनोदी मंडळीवरून. हा तपशील पुढील सर्व प्रकरण समजून घेण्यास उपयुक्त आहे. 2008 सालच्या 3 डिसेंबरास पायथन 3 प्रसिद्ध झाली, आणि ती प्रसिद्ध करणारांनी स्वच्छ सांगून टाकले की पूर्वीच्या भाषेत लिहिलेले या भाषेत चालेलच असे नाही. जुन्या चुका सुधारावयाच्या तर हे करावेच लागते. लोकांनी सुधारणेचे स्वागत केले आणि जुन्याच भाषेत लिहिणे चालू ठेवले. तेव्हा जुनीचा अखेरचा दिवस 2015 सालचा ठरला. तो जवळ येऊ लागताच रयतेची कैफियत ऐकून पाच वर्षांची सवलत देण्यात आली. आणि शेवटी 2020 सालच्या 1 जानेवारीपासून पायथन 2 कडे पाहणे अधिकृतरीत्या बंद झाले. शेतसाऱ्याची सूट कशी मिळते हे ज्याने पाहिले आहे, त्यास या हकिगतीत अपरिचित असे काहीच वाटू नये.

येथे कोणी म्हणेल की तुमच्या पुतण्याने कोपऱ्यातली एक दुर्लक्षित वस्तू उचलली म्हणून हा त्रास झाला. तसे नाही. पवईच्या आयआयटीत संशोधन करीत असताना अनुप कुंचुकुट्टन यांनी मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी सिद्ध केलेली ‘इंडिक एनएलपी लायब्ररी’ ही जागत्या खातेदाराची, विद्वानांच्या नित्य वहिवाटीतली मालमत्ता. तीदेखील पायथन 3 च्या सातबाऱ्यावर चढली ती 2019 सालच्या जानेवारीत, म्हणजे जुन्या भाषेची घटका भरावयास वर्षही उरले नव्हते तेव्हा. जिथे मालक जागा होता तिथे ही गत, तर जिथे मालकाचाच पत्ता नाही तिथली काय कथा!

बापूच्या मागे बसून ही डागडुजी पाहण्यात माझ्या कित्येक दुपारी सुखाने गेल्या. प्रथम छपाईची आज्ञा. पूर्वी ‘प्रिंट’ असे लिहून पुढे मजकूर लिहिला की भागत असे. नव्या कायद्यान्वये तो मजकूर कंसात घालणे अनिवार्य झाले. एवढ्या एका कलमाने जगातील किती आज्ञावल्या एका रात्रीत बेकायदा ठरल्या असतील याची गणती नको. पुन्हा, चूक दाखविताना यंत्र विचारते की, तुम्हांस कंस घालावयाचा होता काय? म्हणजे काय हवे ते त्यास पूर्णपणे समजलेले असते. केवळ अर्ज विहित नमुन्यात नाही म्हणून ते परत करते. मला हे वाचून घरची आठवण झाली. घर म्हणजे येथे कचेरी.

मग भागाकार. तीन क्विंटल कापूस दोघा भावांत समान वाटा, असे पायथन 2 ला सांगितले तर ती प्रत्येकाच्या पदरात एक क्विंटल टाकून मोकळी होई. उरलेला क्विंटल कोणाच्या घरी गेला याचा खुलासा ती करीत नसे, आणि विशेष हे की, त्याबद्दल कोणी तक्रारही करीत नसे. पायथन 3 प्रत्येकास दीड देते. हे न्यायाचे झाले यात शंका नाही. परंतु ज्यांनी आपले सर्व हिशेब त्या गहाळ क्विंटलास गृहीत धरून बसविले होते, त्यांच्या आज्ञावल्या न्याय होताच कोलमडल्या. अन्याय जुना झाला की त्यावर इमले उभे राहतात, आणि मग न्याय करणाराच उपद्रवी ठरतो, हे मी वाटण्यांच्या दाव्यांत पाहिले होते. यंत्रात पाहीन असे वाटले नव्हते.

त्याहून सूक्ष्म अपराध रिकाम्या जागेचा. पायथनमध्ये ओळीच्या आरंभी सोडलेल्या जागेस अर्थ असतो, आणि ती जागा टॅबची कळ दाबून सोडली की स्पेसची पट्टी दाबून, यात जुनी भाषा फारसे मन घालीत नसे. नवी भाषा या दोहोंची मनमानी सरमिसळ खपवून घेत नाही. मूळ लेखकाने ती सरमिसळ सढळ हाताने केली होती; बापू एक संपूर्ण दुपार पडद्यावरील पांढऱ्या जागेकडे टक लावून बसला होता, आणि घरातील बायामाणसांस वाटले की पोराने ध्यानधारणा सुरू केली.

परंतु या सर्वांत मराठी माणसाच्या मर्मावर बोट ठेवणारा बदल अक्षरमोजणीचा. ‘बाभुळगाव’ या नावाची लांबी किती, असे पायथन 2 ला सरळ विचारले तर ती उत्तर देई 24. पायथन 3 ला विचारले तर ती सांगते 8. आणि आमच्या शाळेतील दुसरीच्या वर्गात विचारले तर पाच बोटे वर होतात. तिघांचेही आपापल्या परीने खरे आहे. युनिकोड साठविण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांची जागा अडविते. जुनी भाषा मुळात बाइट मोजणारी, म्हणून आठ त्रिक चोवीस. नवी भाषा चिन्हे मोजते, आणि काना, उकार यांस स्वतंत्र चिन्हे मानते, म्हणून आठ. पाच मोजण्याची अक्कल अद्याप दोघींनाही आलेली नाही. इतकेच नव्हे, तर जुन्या भाषेची मूळ समजूत अशी की, जगातील एकूण अक्षरे 128 असून ती सर्व अमेरिकेत ठरलेली आहेत. त्यामुळे देवनागरीची गाठ पडली की ती थबके आणि ‘शून्य-एक्स-ई-शून्य’ हा बाइट आपल्या 128 च्या हद्दीत येत नाही, असे सांगून अंग टाकी. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट नेमका हाच असतो. म्हणजे मराठी मजकुराचे पहिलेच अक्षर उंबरठ्यावर अडे. ज्या महाराष्ट्रीय तरुणांनी त्या काळात या भाषेत मराठी हाताळली, त्या सर्वांस हा ‘ई-शून्य’ ठाऊक आहे. त्याच्या नावाने त्यांनी काय काय उद्गार काढले ते येथे नमूद करता येत नाहीत.

मूळ लेखक, कोण होता देव जाणे, पण होता मोठा मनस्वी. कृतिदेवात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकित करतात आणि युनिकोडात ती अक्षरानंतर साठवितात. रफाराचे नेमके उलट. ही उचलाउचल त्याने इतक्या नजाकतीने केली होती की, बापूने त्या भागास हात लावण्याचे टाळले. त्याच्याच खाली इंग्रजीत एक टीप होती, की पुढील व्यवस्था तात्पुरती असून सवडीने सुधारावी. आमच्या खात्यात ‘तूर्त’ या शेऱ्याने जी प्रकरणे थांबली, ती थांबविणारे निवृत्त झाले, थांबलेले मयत झाले, आणि ‘तूर्त’ अद्याप चालू आहे. तेव्हा ती टीप वाचून मला त्या अज्ञात लेखकाविषयी एकदम आप्तभाव वाटू लागला.

भाषेच्या नव्या आवृत्तीबद्दल एवढा कांगावा कशासाठी, असेही एक मन म्हणते. आपली मराठी तरी काय वेगळी आहे? मराठी साहित्य महामंडळाने ठरविलेले आणि शासनाने स्वीकारलेले शुद्धलेखनाचे नियम 1962 साली आले, तेव्हा शतकानुशतके अक्षरांच्या डोक्यावर निमूट बसलेले अनुच्चारित अनुस्वार एका ठरावाने पायउतार झाले. प्रथम चौदा नियम होते, 1972 साली त्यांत चारांची भर पडून अठरा झाले. माझ्या वडिलांनी त्यानंतरही आयुष्यभर ‘कांहीं’ असेच लिहिले, आणि त्यांची पत्रे वाचताना आम्हांपैकी एकही वाचक अडून पडला नाही. फरक आहे तो येथेच. मराठी वाचणारा मनुष्य जुन्या टिंबांकडे पाहून गालात हसतो आणि पुढे जातो. यंत्र हसत नाही आणि पुढेही जात नाही.

बरे, एकदा पायथन 3 वर आले म्हणजे सुटले, असेही नाही. रयतवारी मुलखात जमाबंदीची फेरतपासणी बहुधा तीस वर्षांनी होत असे, आणि तेवढ्यानेही रयत त्रासून जाई. या भाषेची नवी आवृत्ती आता दर वर्षी ऑक्टोबरात निघते, आणि प्रत्येक आवृत्तीची निगा सुमारे पाच वर्षे राखली जाते. प्रत्येक खेपेस काही तरी सरकारजमा होते. 2018 साली ‘असिंक’ हा शब्द भाषेने स्वतःकरिता राखून ठेवला. तोवर कितीतरी लेखकांनी आपल्या वस्तूंस तेच नाव देऊन ठेवले होते. ‘सेलरी’ या नामांकित आज्ञावलीच्या एका दालनाचेच ते नाव होते, ते बदलून ‘असिंक्रोनस’ असे ऐसपैस करावे लागले. भाषेने आपले काही सामान 2012 सालीच एका खोलीतून दुसरीत हलविले होते. जुन्या पत्त्यावर आलेली टपाल नऊ वर्षे इमानाने पुढे पाठविण्यात आली, आणि 2021 साली ती सोय बंद झाली. नऊ वर्षांची नोटीस अपुरी होती असे म्हणणारे तेव्हाही निघाले. मी त्यांच्या बाजूचा आहे. नोटीस दारावर चिकटविल्याने ती बजावली गेली असे मानण्याचा प्रघात आमच्याकडेही होता, आणि तो चुकीचा होता.

जुन्या भाषेतून नवीत आणण्यासाठी भाषेच्या चालकांनीच ‘टू-टू-थ्री’ नावाचा एक दुभाषी पदरी ठेवला होता. कंस घालणे वगैरे हमाली तो झपाझप करी. परंतु अमुक मजकूर म्हणजे अक्षरे समजावी की नुसते बाइट, असा प्रश्न आला की तो कागद जसाच्या तसा वर पाठवी. बापूने त्याचीच मदत घ्यावयाचे ठरविले, तेव्हा कळले की 2024 सालच्या आवृत्तीत त्या दुभाष्यासच नोकरीतून कमी करण्यात आले आहे. म्हणजे जुन्यास नवे करण्यासाठी नव्यात सोय नाही. ती सोय हवी असेल तर थोडे जुने आणावे लागते. बापूने ते आणले. दोन्ही भाषांत एकाच वेळी चालेल असे लिहिण्याची युक्ती पुरविणारी ‘सिक्स’ नावाचीही एक आज्ञावली आहे. दोन त्रिक सहा, म्हणून सिक्स. ज्यांच्या वाट्याला असली कामे येतात त्यांना विनोदबुद्धी असते, नसल्यास ती उत्पन्न होते.

अखेर यादी वाचता येऊ लागली, ग्रंथकार परत आले, ज्ञानेश्वरी कीडनियंत्रणापासून विभक्त झाली. तेव्हा मी साहजिकच विचारले, की आता फेरफार कोणाच्या नावे? यावर बापूने जे सांगितले त्याने माझा ऊर भरून आला. पायथनच्या आज्ञावल्यांचे ‘पायपीआय’ नावाचे जे सार्वजनिक भांडार आहे, तेथे बेवारस नावाच्या हस्तांतराची लेखी नियमावली आहे! मालकाशी निदान तीन वेळा संपर्क साधावयाचा. सहा आठवडे वाट पाहावयाची. बारा महिन्यांत त्याने नवी आवृत्ती काढलेली नसावी आणि आपल्या प्रकल्पाच्या जागी तो फिरकलेलाही नसावा. आणि अर्जदाराने आपण स्वतंत्र प्रतीवर डागडुजी केल्याचे, म्हणजेच वहिवाटीचे, प्रमाण दाखवावयाचे. आमच्याकडे फेरफाराच्या नोटिशीस पंधरा दिवस. त्यांचे सहा आठवडे ऐकून, सुसंस्कृत राज्यव्यवस्था अजून कोठे तरी शिल्लक आहे, अशी माझी खात्री पटली.

हा कडकपणा अनाठायी नाही. ‘एक्सझेड’ ही मजकूर आवळून लहान करणारी आज्ञावली असंख्य यंत्रांत असते आणि लासे कॉलिन नावाचे एकटे गृहस्थ ती फावल्या वेळात सांभाळीत. 2021 पासून जिया टॅन असे नाव धारण करणारा कोणी मदतीस आला, वर्ष-दोन वर्षे निष्ठेने राबला, विश्वासाचा झाला, कुलपे हाती आली, आणि मग त्याने तीत चोरवाट ठेवली. 2024 सालच्या मार्चअखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपले यंत्र अर्धा सेकंद उशिरा का उत्तर देते, हे पाहण्याची बुद्धी झाली म्हणून ती उघडकीस आली. तो जिया टॅन कोण, याचा छडा लागलेला नाही. तोतया वारसांची प्रकरणे मी पाहिली आहेत. पण मालकाच्या शेतात दोन वर्षे इमानाने निंदण करून मग बांध फोडणारा तोतया हा नवा प्रकार, आणि अर्ध्या सेकंदाच्या उशिराची चौकशी करणारा अधिकारी हा त्याहून नवा.

बापूने मूळ लेखकास पत्रे पाठविली. पत्ता बंद होता. तेव्हा मूळ लेखकाचे नाव माथ्यावर कायम ठेवून, परवान्याप्रमाणे ते ठेवणे बंधनकारकही आहे, त्याने आपली प्रत वेगळ्या नावाने सर्वांस खुली केली. थोड्याच दिवसांत तीवर पहिली टपाल आली. बापू ती वाचून इतका वेळ गप्प राहिला की मला वाटले कोणी आभार मानले असावेत. टपालात असे होते की, आपण केलेल्या बदलांमुळे सदरहू आज्ञावली आमच्या यंत्रावरील पायथन 2 मध्ये चालेनाशी झाली असून, ती तातडीने पूर्ववत करावी.

“काय उत्तर देणार?”

“काय देतो, काकाजी! मालक म्हनून नाव लागलं ना आता मायं.”

तेव्हा या जिल्ह्यातील, आणि जिल्ह्याबाहेरील, जे तरुण अशा आज्ञावल्या लिहून जगास वाटीत असतील, त्यांस एका जुन्या कारकुनाची विनंती आहे. लग्न करा, नोकरी बदला, कंटाळा; तो तुमचा हक्क आहे आणि परवान्यात तसे लिहिलेलेही आहे. परंतु निघण्यापूर्वी पहिल्या पानावर दोन ओळी लिहून ठेवा, की मी यापुढे हिच्याकडे पाहत नाही, अमुक एका आवृत्तीपर्यंत ही चालत होती, ज्यास हवी त्याने सांभाळावी. आणि खाली टपालाचा एक चालू पत्ता द्या. यास साक्षीदार लागत नाहीत, आणि स्टँपही लागत नाही.